अभ्यासिका भरलेली, देवघेव ओसरलेली: शहराचं वाचनालय कुणासाठी चालवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या शहरातल्या जुन्या 'अ' वर्ग वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी नुकताच निवडून आलोय. पुस्तकं नेणारे सभासद दरवर्षी कमी होताहेत. अभ्यासिकेत मात्र बसायला जागा मिळत नाही. काही सदस्यांचं म्हणणं आहे की ग्रंथसंग्रह वरच्या मजल्यावर हलवावा आणि खालची सगळी जागा अभ्यासिकेला द्यावी. वाचनालयाचा शहराला आज नेमका उपयोग काय, आणि आमचे तुटपुंजे पैसे आम्ही कुठे घालावेत?"

मी निवृत्त होईपर्यंत एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशाच वाचनालयात काम केलं, आधी देवघेवीवर, म्हणजे सभासदांना पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावर, आणि नंतर ग्रंथपाल म्हणून. त्या आधारावर सांगतो: पुस्तकं वर हलवू नका. आज तुमच्याकडे नियमित येणाऱ्या सभासदांत साठीच्या पुढचे बरेच असणार. त्यांच्यासाठी जिन्यावर गेलेलं पुस्तक गेल्यातच जमा. देवघेव आणखी घसरेल आणि वर्षभराने तीच घसरण दाखवून कुणीतरी सभेत म्हणेल, बघा, पुस्तकं कुणालाच नको आहेत.

वाचनालयाची सेवा मोजायची झाली तर लोक ग्रंथसंख्या सांगतात. आमच्या वार्षिक अहवालांतही तीच पहिली येते. माझ्या मते ती देवघेवीच्या टेबलावर मोजावी. टेबलामागचा माणूस समोरच्या वाचकाला ओळखतो का, काल काय नेलं होतं आणि ते आवडलं का हे त्याला माहीत आहे का, एवढ्यावर बाकी सगळं ठरतं. "काहीतरी चांगलं द्या" अशी मागणी रोज येते. दवाखान्यात नातेवाइकाच्या उशाशी रात्र काढायची आहे म्हणून मागणाऱ्या बाईला जे द्यायचं, ते नुकत्याच निवृत्त झालेल्या आणि वेळ खायला उठलेल्या माणसाला देऊन चालत नाही. पहिलीला छोटी प्रकरणं हवीत, मध्येच मिटून ठेवता येतील अशी. दुसऱ्याला पाचशे पानांचं चरित्र चालतं, उलट तेच हवं असतं. हे संगणकाच्या यादीतून कळत नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन, 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आणि 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक', ही टेबलावरच्या माणसाचीच कामं आहेत.

म्हणून पहिला आग्रह पगाराचा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांचे कर्मचारी किती कमी मानधनावर काम करतात हे तुम्हाला आता हिशेबात दिसेलच. मला याची मनापासून चीड आहे. दोन-दोन वर्षांनी माणूस सोडून गेला की त्याच्याबरोबर वाचकांची ओळखही जाते आणि नवा माणूस शून्यापासून सुरुवात करतो. इमारतीला रंग एक वर्ष उशिरा द्या, पण अनुभवी सहायकाला धरून ठेवा.

पैशांची ही अवस्था का, हे कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. मद्रास प्रांताने 1948 साली ग्रंथालय कायदा केला तेव्हा घरपट्टीबरोबर ग्रंथालय उपकर घ्यायची सोय त्यात ठेवली. पुढे कर्नाटक आणि केरळ यांच्या कायद्यांतही उपकर आला. आपला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 चा. त्यात असा उपकर नाही. आपल्याकडे ग्रंथालयं लोकांच्या संस्था चालवतात आणि शासन 1970 च्या नियमांनुसार अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देतं. ते हप्त्यांनी येतं आणि वेळेवर येईलच याचा भरवसा नसतो. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं 11-12 हजारांच्या घरात आहेत, म्हणजे वाटेकरीही पुष्कळ. वर्गणी आणि देणगी हाच तुमच्या हातातला पैसा. देणगीदार भेटला की त्याच्याकडून कपाट घेऊ नका. नावाची पाटी लावायला कपाट सोपं असतं म्हणून लोक कपाटंच देतात. त्याला कायम निधीत रक्कम ठेवायला सांगा आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्याच्या नावाने पुस्तकं घ्या. पाटी प्रत्येक पुस्तकात लागेल.

संस्था लोकांच्या आहेत यामागे मोठा इतिहास आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, अहमदनगरचं (आताच्या अहिल्यानगरचं) 1838 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 साली निघालं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 साली. राज्याचा ग्रंथालय कायदा त्यानंतर कितीतरी दशकांनी आला. तुमचे वर्गणीदार घटणं ही नुसती उत्पन्नाची तूट नाही. संस्था ज्यांच्या जिवावर उभी आहे तेच लोक कमी होताहेत.

ते का कमी झाले, हे त्यांनाच विचारा. गेल्या तीन वर्षांत वर्गणी थकवलेल्या सभासदांची यादी काढा आणि रोज दहा जणांना फोन करा. कार्यकारिणीच्या सदस्यांनी स्वतः करा. "वाचन संपलं, मोबाईल आला" हे उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून कमी वेळा ऐकू येईल. गुडघे दुखतात. बायपासपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेलो, रिक्षाला जाऊन-येऊन वर्गणीपेक्षा जास्त पैसे पडतात. हे गेले, तेच पुस्तक बदलून आणायचे. ऑफिसातून येईपर्यंत वाचनालय बंद होतं. नवी पुस्तकं कधी हातातच लागत नाहीत. ही खरी उत्तरं असतात आणि यातल्या बहुतेकांवर उपाय आहे.

वेळ हा सगळ्यांत स्वस्त उपाय. सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात असं वाचनालय उघडं ठेवायचं आणि नोकरी करणाऱ्या बायका येत नाहीत म्हणायचं, यात त्यांचा दोष कुठे आहे? नियमाप्रमाणे तुमच्या वर्गाला जेवढे तास लागतात तेवढे कागदावर भरत असतील, पण ते दिवसाच्या कुठल्या भागात आहेत हे तुम्हीच ठरवता. रात्री साडेआठपर्यंत देवघेव ठेवा. रविवारी सकाळी उघडा आणि सुट्टी आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी घ्या. रविवारी आईवडील मुलांना घेऊन येतात. एका घरातले तीन वाचक एकदम मिळायची हीच वेळ.

घरपोच सेवा दुसरी. आठवड्यातून एक दिवस एका भागात, दुचाकीवर दोन पिशव्या. त्यासाठी ॲप लागत नाही, टेलिफोन आणि वही पुरते. पण नुसतं सांगितलेलं पुस्तक नेऊन देऊ नका. बरोबर दोन न सांगितलेली न्या. घराबाहेर न पडणाऱ्या वाचकाला कपाटापुढे उभं राहून चाळायचं सुख मिळत नाही. ते थोडं तरी त्याच्या दारात पोचवता येतं.

आता खरेदी. तुमच्या टेबलावर 'मागणी वही' आहे का, ते आधी पाहा. वाचकाने मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं प्रत्येक पुस्तक, तारीख आणि सभासद क्रमांकासह, त्या वहीत गेलं पाहिजे. वाचक फक्त "ते विहिरीवर राहणाऱ्या माणसाचं, निळं मुखपृष्ठ" एवढंच सांगत असेल तरी लिहा. नंतर शोधता येतं. दर महिन्याला वही उघडायची आणि खरेदीची निम्मी रक्कम तिच्यावरच खर्च करायची. पुस्तक आलं की त्या सभासदाला फोन करायचा. "तुम्ही मागितलेलं आलंय" हे वाक्य ऐकलेला सभासद सहसा वर्गणी थकवत नाही. मी काम केलेल्या वाचनालयात दुसऱ्या कशानेच देवघेव इतकी सावरली नाही.

याच्या उलट घडतं ते मार्च महिन्यात. अनुदान उशिरा येतं, वर्ष संपायच्या आत खर्च दाखवायचा असतो आणि भरघोस सवलतीतले गठ्ठे दारात येऊन पडतात. स्वस्त कागद, चुका भरलेली छपाई, कुणी न मागितलेले विषय. ग्रंथसंख्या वाढते आणि कपाटं मरतात. वर्ग टिकवायला ग्रंथसंख्या लागते म्हणून फाटकी, निरुपयोगी पुस्तकंही कुणी बाद करत नाही. वाचक कपाटापुढे उभा राहतो आणि दहातल्या आठ पुस्तकांना हात लावावासा वाटत नाही. दरवर्षी ठराव करून, नियमाप्रमाणे, पुस्तकं बाद करा. फक्त त्याआधी जुनी पुस्तकं जाणकाराला दाखवा. मराठीत 1867 पर्यंतच्या छापील पुस्तकांना दोलामुद्रितं म्हणतात. त्यांतलं एखादं रद्दीच्या ढिगात निघून जाणं म्हणजे शहराच्या ठेव्यातून कायमची वजाबाकी. दिवाळी अंकांचंही तसंच. 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून मराठी लेखनाचा फार मोठा भाग आधी दिवाळी अंकांत आला आहे आणि त्यातला पुष्कळसा पुस्तकात कधी आलाच नाही. दिवाळी अंकांची स्वतंत्र योजना सभासदांना आवडते आणि पैसेही आणते. फिरून झालेले अंक एप्रिलमध्ये विकून टाकण्याआधी प्रत्येकी एक प्रत बांधून ठेवा.

यावरून संदर्भ विभागाकडे येतो. कार्यकारिणीला सर्वांत कमी दिसणारी आणि शहराला सर्वांत खोलवर उपयोगी पडणारी सेवा हीच आहे. जमिनीच्या वादातला माणूस तीस वर्षांपूर्वीच्या स्थानिक वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस शोधत येतो. शाळेच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षक जुने फोटो मागत येतात. संशोधक विद्यार्थ्याला जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, हवं असतं. डिसेंबरमध्ये परदेशातून आलेली कुटुंबं कुलवृत्तांत मागतात आणि मराठी वाचता न येणारी नातवंडं वंशवेलीवर आजोबांच्या नावावर बोट ठेवतात. शहरातलं स्थानिक साप्ताहिक, संस्थांचे अहवाल, व्याख्यानमालांच्या पत्रिका, स्थानिक कवींचे स्वखर्चाने छापलेले संग्रह: हे सगळं जगात फक्त तुम्हीच जपू शकता. मुंबई-पुण्याची मोठी ग्रंथालयं ते जपणार नाहीत, इंटरनेटवरही ते नाही. एक कपाट 'आपलं शहर' म्हणून राखून ठेवा आणि त्यातलं काहीही घरी द्यायचं नाही असा नियम करा.

जपायचं म्हटलं की पाणी आठवतं. 2005 आणि पुन्हा 2021 साली चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने पुराचा तडाखा सोसला. 2019 साली सांगली नगर वाचनालयात कृष्णेचं पाणी शिरलं. तुमचं शहर नदीकाठी असेल तर दुर्मीळ ग्रंथ आणि दाखल नोंदवह्या (संग्रहात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते त्या वह्या), आणि फक्त तेवढंच, वरच्या मजल्यावर न्या. रोज वाचला जाणारा संग्रह खाली, दुर्मीळ वर, अशी वाटणी योग्य. भिजलेलं पुस्तक जबरदस्तीने उघडू नये, उन्हात टाकू नये. सावलीत पंख्याखाली उभं करून, पानांत कोरा टिपकागद घालून तो बदलत राहावं. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे हात पहिल्याच दिवशी लागले पाहिजेत. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं आधी हाताळा, त्यांची पानं वाळताना एकमेकांना कायमची चिकटतात. पूर नसला तरी दर पावसाळ्यात कसर आणि वाळवी येतेच. भिंतीला टेकवलेली कपाटं चार बोटं पुढे ओढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणाऱ्याला थांबवा. जुने बाइंडर मोरचूद घातलेली खळ आणि पातळ कागद वापरत आणि ती दुरुस्ती कित्येक वर्षं टिकत असे.

अभ्यासिकेबद्दल मी आता लिहितो, कारण तिच्यावरून तुमच्याकडे दोन गट पडलेले दिसतात. जुने सभासद म्हणतात, ही मुलं वाचक नाहीत, स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, नुसती खुर्ची वापरतात. हे म्हणणं मला मान्य नाही. एका खोलीत पाच माणसं राहतात अशा घरातल्या मुलीला दिवसाचे आठ तास शांत जागा, डोक्यावर दिवा आणि पंखा, प्यायला पाणी आणि स्वच्छ संडास मिळणं ही फार मोठी नागरी सेवा आहे. खाजगी अभ्यासिकेची फी अनेकांना झेपत नाही. मुली तुमच्याकडे येतात कारण आईवडिलांना वाचनालयाचा भरवसा वाटतो. तो भरवसा शंभर वर्षांत कमावलेला आहे. राज्यसेवा, तलाठी, पोलीस भरती, बँक, सगळ्यांची तयारी तिथे चालते.

पण सगळी इमारत अभ्यासिका करणंही चूकच. अभ्यासिका आणि देवघेव या दोन विभागांमधला दुरावा घालवायला हवा. अभ्यासिकेच्या दारातच एक मांडणी ठेवा: 'लोकराज्य', 'योजना' ही सरकारी मासिकं, राज्याची आर्थिक पाहणी, जिल्ह्याचं गॅझेटियर, नकाशे, चांगले शब्दकोश. अभ्यासिकेच्या शुल्कातच एक पुस्तक घरी नेण्याची सवलत द्या. संध्याकाळी सात वाजता अभ्यासाने थकलेलं डोकं कादंबरी मागतं, आणि आपल्याला कादंबरी वाचता येते हे त्या मुलांना कित्येकदा कुणी सांगितलेलंच नसतं. वयाची मर्यादा ओलांडत चाललेले, वारंवार परीक्षा देणारे जे असतात, त्यांच्याशी ग्रंथपालाने बोलावं. उपदेश करायला नाही. व्यवसाय, शेतीपूरक उद्योग, भाषांतर, लेखापालन या विषयांची पुस्तकं त्यांच्या नजरेस पडतील अशी ठेवावीत. घरी ज्या पर्यायाचा विषय काढता येत नाही, त्याची माहिती इथे गुपचूप चाळता येते. एवढा आधारही काही जणांना पुरतो.

मुलांच्या विभागाची आजची अडचण निराळी आहे. इंग्रजी माध्यमातली मुलं घरात मराठी बोलतात, पण छापील मराठीपाशी अडखळतात. आठवीच्या मुलाला त्याच्या वयाचं पुस्तक जड जातं आणि त्याला झेपेल ते बाळबोध वाटतं. जोडाक्षरविरहित पुस्तकं, मोठा टाइप, चित्रकथा आणि आठवड्यातून एकदा मोठ्याने वाचन यांनी फरक पडतो. वाचून दाखवणारा माणूस चांगला हवा; गावातला एखादा हौशी नट शोधा. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करायला शाळा येतात, फोटो निघतात, मुलं परत जातात. त्याच दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात सभासद कार्ड द्या. अनामत घेऊ नका, मुख्याध्यापकांची सही पुरे. काही पुस्तकं हरवतील. तेवढा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा.

अनामतीचा मुद्दा मोठ्यांनाही लागू आहे. रहिवासाचा पुरावा, जामीनदार सभासद आणि अनामत या तीन अटींत भाड्याने राहणारे, औद्योगिक वसाहतीतले कामगार आणि परगावाहून आलेल्या परिचारिका बाहेर राहतात. वाचनालयाच्या पायऱ्या त्यांनी कधी चढलेल्याच नसतात, त्यामुळे घटलेल्या सभासदांच्या यादीतही ते तुम्हाला दिसणार नाहीत. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या होत्या. तुमच्या शहरात तीस-चाळीस पुस्तकांची पेटी वस्तीतल्या अंगणवाडीत, कारखान्याच्या कँटीनमध्ये, सरकारी दवाखान्यात ठेवता येईल. दर महिन्याला बदला. पेटीची जबाबदारी तिथल्याच एका माणसावर द्या.

अंध वाचकांसाठी 2016 पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. शहरातल्या अंध व्यक्तींना त्याची नोंदणी करून द्यायला एक संगणक आणि एक शिकवलेला कर्मचारी पुरेसा आहे.

संगणकीकरणाचे प्रस्ताव तुमच्यासमोर येतीलच. 'कोहा' ही मोफत प्रणाली चांगली आहे, यादी शोधण्यापुरती आधी ती घ्या. बारकोड आणि त्यापुढची यंत्रं दोन वर्षं थांबली तरी काही अडत नाही. हाताने लिहिलेली दाखल नोंदवही मात्र बंद करू नका.

येत्या सभेत मांडायचे ठराव विचारलेत तर माझ्या दृष्टीने एवढेच: देवघेवीची वेळ रात्री साडेआठपर्यंत आणि रविवार सकाळ उघडी, खरेदीची निम्मी रक्कम मागणी वहीसाठी राखीव, सहायकाच्या पगारात वाढ, बालसभासदांची अनामत रद्द. जागेचा प्रश्न त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, तोवरच्या देवघेवीच्या नोंदी समोर ठेवून. आणि अभ्यासिकेला खरोखरच जास्त जागा लागत असेल, तर नगरपरिषदेच्या बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या रिकाम्या आहेत का, ते मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारा.